झेलायला जागा नव्हती

मुलांनो, डोळे मिटा आणि जरा माझ्याबरोबर या. कल्पना करा की एका घराच्या दुसऱ्या मजल्याचं बांधकाम चाललं आहे आणि तुम्ही वर फळीवर उभे आहात. खालून एक माणूस विटा फेकतो आहे. तो वर बघत नाही. एक वीट, दुसरी, तिसरी. तुम्ही झेलायची, मागं वळून रचायची आणि पुढची यायच्या आत हात रिकामे करून परत उभं राहायचं. मागं जागा आहे तोवर हे छान चालतं, हातांना एक ताल सापडतो. पण समजा, मागची जागा भरली. तुमच्या हातात वीट आहे आणि ती ठेवायला कुठंच नाही. खालचा माणूस काही थांबत नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. पुढची वीट तुमच्या कानाला घासून जाते आणि खाली चुन्याच्या खड्ड्यात पडून दिसेनाशी होते. फळीच्या टोकाला एक पोर कोळसा घेऊन बसली आहे. वीट निसटली की ती भिंतीवर एक रेघ ओढते. वीट कोणती होती, कुठून आली होती, तिच्यावर कुणाचं बोट उमटलेलं होतं, हे ती सांगू शकत नाही. ती फक्त रेघ ओढते. आता डोळे उघडा. बाहेरची वायर संगणकाला जिथं येऊन लागते, तिथं त्याच्या पोटात दिवसभर नेमकं हेच चाललेलं असतं. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गंगाखेडच्या बाजारातल्या एका माडीवर, गोपाळ त्या रेघांच्या भिंतीसमोर बसला होता.

बाजारातल्या दुकानदारांनी मिळून गल्लीत कॅमेरे लावले होते. सगळ्या कॅमेऱ्यांच्या वायरी ह्या माडीवरच्या एका मशीनमध्ये येत, आणि ते मशीन सांभाळणं हे गोपाळचं काम. त्यानं कालची दुपार पडद्यावर मागं नेली. गल्ली रिकामी. भुजंगची नवी जीप, पूजा झालेली, चाकाखाली फुटलेलं लिंबू आणि बोनेटवर झेंडूची जाड माळ. मग मेंढरांचा कळप गल्लीत शिरतो, त्यातली एक शेळी पुढचे पाय बंपरवर टाकून उभी राहते आणि माळ ओढून खाऊ लागते. कळपामागून येडबा पागोटं सावरत धावत येतो, शेळीचा पाय धरतो. भुजंग जीपच्या मागून येतो. त्याच्या हातात जॅकचा दांडा. दांडा खांद्याच्या वर जातो. आणि तिथं पडदा एकदम दचकल्यासारखा हलला, चौकोन चौकोन झाला, आणि पुन्हा स्वच्छ झाला तेव्हा येडबा जमिनीवर होता, एक पाय दुमडलेला, आणि शेळी अजून चावत होती. मधलं काही नव्हतं. गोपाळनं पुन्हा मागं नेलं. दांडा वर. येडबा खाली. पुन्हा. दांडा वर. येडबा खाली. कुणी तरी माणसाच्या आयुष्यातला तेवढाच तुकडा दातांनी तोडून नेला असावा, तसं.

"दिसलं का, लेकरा?" दारातून मनकर्णाबाईनं विचारलं. येडबाची बायको. रात्रभर परभणीच्या दवाखान्यात बसून ती पहिल्या एसटीनं आली होती. तिच्या लुगड्याच्या पदरावर वाळलेलं रक्त होतं, आणि ती ते पुन्हा पुन्हा आतल्या बाजूला दुमडत होती.

"बघायलोय, मावशी."

"डोक्याचं हाड आत गेलंय म्हणायलेत. बोलंना झालेत. डोळं उघडंना झालेत. आन् हितं भुजंगशेट सांगायलाय की मेंढरात पाय अडकून पडले म्हणून. पस्तीस-चाळीस वर्सं मेंढरामागं चालल्याला माणूस, मेंढरात पडतोय का?"

गोपाळनं नजर पडद्यावरच ठेवली. कारण, मुलांनो, गोपाळ काल तिथंच होता. माडीच्या दाराला झेंडूची माळ लावायला तो भक्तीला, आपल्या मुलीला, घेऊन आला होता, आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर दोघं उभे होते. दांडा वर गेला तेव्हा त्यानं भक्तीचं तोंड आपल्या शर्टात दाबलं होतं. मग इतकं करून तो पडद्यात काय शोधत होता? हाच प्रश्न त्याच्या कानशिलात ठोके देत होता. आठवून बघायला त्यानं डोळे मिटले. दांडा वर गेलेला दिसला, भुजंगच्या मनगटावरचा लाल धागा दिसला, आणि त्याच्यापुढं एकदम जमिनीवरचा माणूस, धुळीत गोळा होत झेंडूच्या पाकळ्यांकडं सरकणारं रक्त, त्या रक्तात एक पाकळी फिरली ती. मधलं त्याच्याजवळही नव्हतं. डोळे तर उघडे होते. तो वळला नव्हता, पापणी मिटली नव्हती, याची त्याला खात्री होती. आलं होतं सगळं. पण ठेवलं गेलं नव्हतं. आवाज तेवढा होता, ओल्या मातीत खुंटी ठोकावी तसा, आणि तो एकदा होता की जास्त वेळा, हेसुद्धा त्याला सांगता आलं नसतं. त्याच्या मनात एकाएकी आलं, की खाली ठेवलेली यूपीएसची जड बॅटरी उचलावी, भुजंग जिन्यानं वर येईल तेव्हा ती त्याच्या टाळूवर सोडावी, आणि तो खाली गडगडताना प्रत्येक पायरीवर त्याच्या हाडाचा आवाज ऐकावा, एकही न चुकवता. हा विचार इतका सविस्तर आला की त्याच्या तळहाताला घाम सुटला. त्यानं हात पँटला पुसले.

मग त्यानं मशीनला विचारलं. प्रत्येक मशीनमध्ये वायर लागते ते कार्ड, आणि कार्ड चालवणारा एक छोटा प्रोग्राम, ड्रायव्हर. ड्रायव्हर आपल्या कामाची मोजदाद ठेवतो: किती आलं, किती गेलं, किती फाटकं आलं. त्यातली एक ओळ गोपाळ कधी वाचत नसे, कारण ती नेहमी शून्य असे. ती ओळ असं सांगते, की वायरीवरून तुकडा आला, तो ठेवण्यासाठी मी मेमरीत जागा मागितली, आणि मला जागा मिळाली नाही. आज त्या ओळीत भलामोठा आकडा होता. भक्ती स्टुलावर बसून बघत होती. दसऱ्याची सुट्टी होती आणि सकाळी ती हट्ट धरून त्याच्यासोबत आली होती. कालपासून ती शाळेचं, मैत्रिणीचं, चिवड्यातल्या शेंगदाण्याचं, सगळ्याचं बोलत होती. फक्त एका गोष्टीचं नाही.

"पप्पा, ह्यो आकडा कशाचा हाय?"

"जे आलं पण ठेवता आलं नाही, त्याचा."

"मंग ते गेलं कुठं?"

"कुठंच नाही."

"असं कसं? कॅमेऱ्याला म्हाईत असंल की."

"कॅमेरा पाठवतो आणि सोडून देतो, बेटा. तो जवळ ठेवत नाही."

भक्तीनं पाय हलवायचे थांबवले. "मंग कुणाला म्हाईत हाय?"

गोपाळनं पडद्याकडं बघितलं. मशीनची मेमरी अर्धीच दिसत होती, आणि ती का अर्धी आहे हे त्याला बघण्याआधीच कळलं होतं. मेमरीची दुसरी पट्टी त्याच्या घरी होती, देवघरासमोर पाटावर, हळदीकुंकू लागलेली. परवा खंडेनवमी. ज्याचं जे हत्यार, त्याची पूजा. गोपाळचं हत्यार कोणतं? स्क्रू-ड्रायव्हर ठेवला तर बायको, राजेश्री, हसे, "ते तर टीव्हीवाल्याचं बी असतंय." म्हणून दोन वर्षांपासून तो मशीन थोडा वेळ बंद करी, त्यातली मेमरीची एक पट्टी काढी आणि पाटावर ठेवी. बाकीच्या पट्टीवर मशीन चालायचं. सणाला बाजार बंद, गल्लीत काय बघायचं? आणि एकदा पाटावर ठेवलेलं हत्यार दसऱ्याची संध्याकाळ सरेपर्यंत उचलायचं नाही, हा त्याच्या घरचा नेम. फक्त यंदा दुकानदारांनी कॅमेरे वाढवले होते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. काल संध्याकाळी तो पट्टी न्यायला पाटापाशी गेलाच नाही. काल संध्याकाळी तो मोरीत बसून शर्टावरचं भक्तीच्या तोंडाच्या लाळेचं ओलं, गोल निशाण धूत होता.

हा नेम त्याच्या वडिलांचा, आश्रुबाचा. पेडगावच्या घरात खंडेनवमीला पाटावर विळे येत, कुऱ्हाड येई, पाभरीचा फाळ येई, आणि सगळ्यांच्या शेजारी, नागासारखा गुंडाळून, आसूड. आश्रुबा त्या आसुडाला बोटानं कुंकू लावी, तेव्हा त्याचं बोट किती हळू फिरायचं! बैलावर कमी आणि पोरावर जास्त चाललेला आसूड तो. गोपाळ लहानपणी त्या पाटासमोर बसून राही, कारण ज्या दिवशी तो पाटावर असे त्या दिवशी तो खुंटीवर नसे, आणि हत्यार उचलायचं नाही म्हणजे नाही. वर्षातून तेवढाच दीड दिवस पाठ मऊ वाटायची. बाकीचे दिवस कसे होते? खुंटीवरून आसूड निघताना वादीचा जो कुरकुर आवाज होई तो त्याला आठवे. भुजंग, त्याचा चुलतभाऊ, तेव्हाच थोराड, त्याची दोन्ही मनगटं मोटेच्या दगडी खांबाभोवती ओढून धरी ते आठवे, भुजंगच्या श्वासाला येणारा कच्च्या कांद्याचा वासही आठवे. आणि त्यानंतर एकदम आईनं पाठीवर लावलेली हळद. मधलं नाही. एकाही वेळचं नाही. लग्नानंतर राजेश्रीनं त्याच्या पाठीवरून बोट फिरवत विचारलं होतं, हा वळ कशाचा, हा कशाचा, आणि त्याला एकाचंही उत्तर देता आलं नव्हतं. तिला वाटलं तो लपवतोय. "बायकोपाशी बी इज्जत सांभाळायची का?" ती म्हणाली होती. तो काय सांगणार? वळ होते. किती होते हे ती बोट लावून मोजू शकत होती. कोणता कधीचा, हे कुठंच नव्हतं.

जिन्यावर बूट वाजले. भुजंग वर आला, त्याच्यामागं ठाण्यातला जमादार, धापा टाकत. भुजंगच्या हातात आपट्याची पानं होती. दारातल्या मनकर्णाबाईला ओलांडून तो आत आला आणि त्यानं गोपाळच्या हातात पानं कोंबली. पानं कोंबताना गोपाळची बोटं त्यानं दाबली, प्रेमानं दाबतात त्यापेक्षा थोडी जास्त.

"घे गोप्या, सोनं घे. काल गडबडीत ऱ्हायलं. काय गं भक्ती, काकाला वळखीनास का?"

भक्ती त्याच्या हातांकडं बघत राहिली.

"पोरगी आईवर गेली, घुमी." भुजंग हसला. "सायेब, हे आमचं भावकीतलंच हाय. म्याच लावलं ह्याला ह्या कामावर. लय हुशार. आपल्याला मिक्सर लावता येईना, आन् ह्यो बसल्याजागी गल्ली बघायलाय."

"चित्र हाय का न्हाई तेवढं सांगा," जमादार म्हणाला. "मला तिकडं मिरवणुकीच्या बंदोबस्ताला जायचंय."

गोपाळनं चित्र लावलं. दांडा वर. येडबा खाली. जमादारानं दोनदा बघितलं. मनकर्णाबाई उठून पडद्याजवळ आली आणि जमिनीवर पडलेल्या येडबावर तिनं बोट ठेवलं, पडद्यावर, जणू तिथं ताप चढलाय का बघत होती.

"मधलं कुणी काढलं?" जमादारानं विचारलं.

"काढलं नाही, साहेब. आलं होतं. ठेवायला मेमरीत जागा नव्हती." त्यानं ती ओळ दाखवली. "हा आकडा बघा. कुणी पुसलं असतं तर हा आकडा चढला नसता. जागा मागितली, मिळाली नाही, एवढं ह्यात आहे."

जमादार वाकला, चष्मा वर करून त्यानं आकडा वाचला. "ह्याच्यात मारणारा कुठं दिसायलाय?"

"नाही दिसत."

"मार किती, कुठं, काय न्हाई?"

"नाही."

"मंग ह्या आकड्याचं मी काय लोणचं घालू का?"

भुजंग मोठ्यानं हसला. "दांडा उचलला की सायेब मी, न्हाई कुठं म्हणायलो? शेळी हाकलायला उचलला. नवी गाडी, पुजा झाल्याली, तिच्यावरची माळ खायलीय ती. तुमी नसता उचलला का? तवर ह्यो बाबा पळत आला आन् मेंढरात पाय घालून आदळला. म्याच पाणी पाजलं त्याला." मग तो गोपाळकडं वळला, आणि आवाज बदलला, लहानपणी खांबापाशी होई तसा, अगदी जवळचा, कांद्याचा. "मशीन खराब झालं म्हण की. बंद कर, काय जागा-बिगा घालायची ती घाल, आन् पुन्यांदा चालू कर. काहून बेजार व्हायला सकाळच्यापारी?"

मशीन बंद केलं की ड्रायव्हर सगळं विसरतो. पुन्हा चालू होईल तेव्हा ती ओळ शून्यापासून असेल. मग काही आलं होतं आणि ठेवता आलं नाही, एवढंही राहणार नाही. गोपाळचं बोट बटणाकडं गेलं. ते बोट त्याचं नव्हतं. सांगितलं की जाणारं, मनगट पुढं कर म्हटलं की पुढं होणारं, जुनं बोट होतं ते. बटणावर ते टेकलं आणि तिथं थांबलं, आणि त्याच्या पाठीवरचा घाम एका जुन्या वळाच्या खाचेतून हळूहळू खाली ओघळत गेला.

"लेकरा," मनकर्णाबाई म्हणाली. ती रडत नव्हती. "गोळीबिस्किटवाली मालनबाई म्हणायली, तुजी फटफटी खालीच उभी व्हती काल."

जमादारानं मान वर केली. "तुम्ही व्हतात का हो तिथं?"

गोपाळचं बोट बटणावरून मागं आलं. इतकं सोपं होतं. होतो, म्हणायचं. दोन अक्षरं. पण होतो म्हटल्यावर पुढचा प्रश्न येणार होता, काय बघितलं, आणि तिथं त्याच्याजवळ काय होतं? दांडा वर. येडबा खाली. आणि त्याच्यापुढं, वर्षानुवर्षं ह्या गल्लीत भुजंगच्या जीपसमोरून जायचं, भक्तीला शाळेत सोडायचं, आणायचं. भुजंग जमादाराच्या खांद्यावरून त्याच्याकडं बघत होता. मनगटावरचा लाल धागा तो दुसऱ्या हातानं गोल गोल फिरवत होता.

"आलतो," गोपाळ म्हणाला. "दाराला माळ लावली अन् गेलो. तवर काही झालं नव्हतं."

मनकर्णाबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिनं शिवी दिली असती, थुंकली असती, तर बरं झालं असतं. तिनं फक्त पदराची दुमड सोडली, आणि रक्ताचा डाग सगळ्यांच्या समोर आला. भुजंगनं गोपाळच्या पाठीवर थाप मारली. नेमकी त्या वळांवर. "चला सायेब, च्या घेऊ."

माणसाचं तोंड शर्टात दाबलं तरी त्याचा एक डोळा बाहेर राहू शकतो. मोठी माणसं पोरांना झाकतात तेव्हा पोरांच्या डोळ्यांपेक्षा स्वतःच्याच जिवाला जास्त झाकत असतात, आणि म्हणून कुठं फट राहिली ते त्यांना दिसत नाही. भक्ती स्टुलावरून उतरली. कोपऱ्यात भिंतीतून वायर ओढायच्या पाइपाचा एक तुकडा उभा होता. तो तिनं दोन्ही हातांनी उचलला, जड नसूनही जड असल्यासारखा.

"तुमी बाजूला व्हा," ती जमादाराला म्हणाली. "तिथं जीप हाय."

जमादार का कोण जाणे, खरंच सरकला.

"हितं शेळी. हितं आजोबा." गोपाळ उठला होता ती खुर्ची तिनं ओढून मधे आणली. "आजोबा म्हणायलेत, चुकलं मालक, मुकं जनावर हाय. आन् काका म्हणतेत, आज दसरा हाय म्हाईत न्हाई का तुला." तिचा आवाज एकसारखा होता, पाढे म्हणावेत तसा. मग तिनं पाइप खांद्याच्या वर नेला आणि खुर्चीच्या पाठीवर हाणला. "आदी हितं. खांद्यावर." "मंग आजोबांनी असा हात वर केला." तिनं आपलाच डावा हात डोक्यावर धरला आणि उजव्यानं पाइप खाली आणला. "हातावर. बोटं अशी झाली." तिनं बोटं वाकडी करून दाखवली, मनकर्णाबाईला, जमादाराला, एकेकाला. "मंग ते गुडघ्यावर बसले. तवा काकांनी दोन्ही हातांनी." तिसऱ्या घावाला खुर्चीचं कव्हर फाटलं आणि आतला पिवळा स्पंज बाहेर आला. मनकर्णाबाईच्या तोंडून आवाज निघाला, आणि तो ऐकताच गोपाळला कळलं की काल असाच आवाज तीन वेळा झाला होता. तिन्ही वेळा त्यानं ऐकला होता.

"ए, गप बस! टीव्ही बघून बोलायलीस का?" भुजंग पुढं आला. त्याचा हात वर गेला होता. गोपाळ मधे येऊन उभा राहिला, कधी आणि कसा ते त्याला कळलं नाही. तो हात त्याच्या तोंडावर बसला, ओठ दातावर फाटला, आणि तोंडात रक्ताची खारट चव भरली. ती चव मात्र त्याच्याजवळ राहिली, पूर्ण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

"मी होतो, साहेब," तो म्हणाला. "खालच्या पायरीवर. ही माझ्याजवळ होती."

जमादारानं भुजंगचं मनगट धरलं. "दांडा कुठाय?" त्यानं विचारलं. भुजंगला नाही, भक्तीला.

भक्तीनं पाइप जिथून घेतला होता तिथं नीट उभा करून ठेवला. मग ती जिना उतरून खाली गेली, आणि सगळे तिच्यामागं. गल्लीत ऊन आलं होतं, रांगोळ्या पायांनी पुसल्या गेल्या होत्या, दुकानांची शटरं उघडत होती. गोळीबिस्किटाच्या दुकानापुढच्या नालीवर एक फरशी थोडी सरकलेली होती. भक्ती तिथं पोटावर आडवी झाली, दसऱ्याच्या नव्या फ्रॉकसकट, आणि काळ्या पाण्यात तिनं खांद्यापर्यंत हात घातला.